गाडीचा क्लेम आणि कुत्र्याचा क्लेम, अपघात एकच, कात्री दोन्हीकडे

शिरवळ_रिटर्न:
नमस्कार मंडळी. मागच्या शनिवारी साताऱ्याहून पुण्याला येताना शिरवळच्या अलीकडे म्हैस आडवी आली, ती वाचवायला गेलो आणि गाडी कडेच्या खांबाला बसली. माणसं सगळी ठीक आहेत, पण मागच्या सीटवरचा आमचा ब्रुनो (लॅब, ४ वर्षांचा) पुढे आदळला आणि मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून प्लेट टाकलीय.
गाडी साडेतीन वर्षं जुनी, पेट्रोल, १२०० सीसी, पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे, झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलेलं नाही. गॅरेजचं एस्टिमेट ४२,१०० आणि इन्शुरन्सवाले म्हणतात २८,३०० देऊ, म्हणजे १३,८०० माझ्या खिशातून, मग कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणायचं तरी कशाला? एस्टिमेट असं आहे: बंपर ९,२००, हेडलाइट ११,०००, बॉनेट ८,४००, पुढची काच ६,५००, पेंट ४,८००, लेबर २,२००.
दुसरं म्हणजे ब्रुनोचा खर्च गाडीच्या पॉलिसीत बसतो का? त्यात १५ लाखांचं पीए (वैयक्तिक अपघात) कव्हर दिसतंय. त्याची वेगळी पेट पॉलिसीपण आहे, पण ते आता लसीकरणाचं कार्ड मागतायत आणि यंदाचा लेप्टो आजाराच्या लसीचा बूस्टर द्यायचा राहिलाय. त्यावरून क्लेम नाकारतील का? बायको म्हणते गाडीचा क्लेमच नको करूस, एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) जाईल. ३५ टक्के आहे सध्या.

डेंटिंगपेंटिंग:
एनसीबी घालवू नकोस भावा. वहिनी बरोबर बोलतायत. स्वतः करून टाक, बाहेरच्या गॅरेजला ३० मध्ये होईल.

क्लेमवाले_काका:
मी बरीच वर्षं मोटर क्लेमचं काम केलंय, आता रिटायर आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचा २८,३०० चा आकडा बरोबर आहे, कुणी फसवलेलं नाही. बंपर प्लास्टिकचा, प्लास्टिक-रबरला सरळ ५० टक्के घसारा (जुनेपणाची कपात), ४,६०० गेले. हेडलाइट आता सगळ्या प्लास्टिकच्याच असतात, तिथे ५,५०० गेले. बॉनेट पत्र्याचं, पत्र्याचा घसारा गाडीच्या वयावर, ३ ते ४ वर्षांत २५ टक्के, म्हणजे २,१००. काचेला घसारा नाही, ती पूर्ण मिळते. पेंटमध्ये गंमत आहे, एकूण खर्चाचा चौथा हिस्सा मटेरियल धरतात आणि फक्त त्यावर ५० टक्के कापतात, तुमच्या केसमध्ये ६००. लेबर पूर्ण मिळतं. झाले १२,८००, वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे क्लेममध्ये तुम्ही स्वतः भरायची रक्कम. बेरीज करून बघा.
झिरो डेप असतं तर १२,८०० वाचले असते, १,००० तरीही तुम्हीच भरले असते. पुढच्या रिन्युअलला विचारा, गाडी ५ वर्षांच्या आत असेपर्यंत ते सहसा मिळतं, पण वर्षाला किती क्लेमना चालतं ते वाचून घ्या.

डेंटिंगपेंटिंग:
काका ते ठीक आहे, पण एनसीबीचं काय? क्लेम केला की शून्यावर येतो ना.

क्लेमवाले_काका:
येतो, पण हिशोब तरी मांडा ना आधी. एनसीबी फक्त ओन डॅमेजच्या (ओडी, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर असतो, थर्ड पार्टीवर नाही. समजा ओडी प्रीमियम सूट धरायच्या आधी ९,००० आहे. क्लेम नाही केला तर पुढच्या वर्षी ४५ टक्के, मग ५० वर अडकतो, त्यापुढे वाढतच नाही. क्लेम केला तर ०, मग २०, २५, ३५, ४५. दोघांतला फरक वर्षागणिक ४,०५०, २,७००, २,२५०, १,३५०, ४५०. सगळे मिळून १०,८००, तेही प्रीमियम तोच राहिला असं धरून, खरं तर आयडीव्ही (गाडीची विम्यात धरलेली किंमत) उतरते तसा तो कमी होतो. १०,८०० वाचवायला २८,३०० सोडायचे? बाहेर ३० हजारात करून घेतलं तरी ते ३० तुमच्याच खिशातून जाणार. नुसता बंपर घासला असता तर मीच म्हटलं असतं क्लेम नका करू.

शिरवळ_रिटर्न:
काका _/\_ हे बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली कर. ब्रुनोचं कुणी सांगेल का?

मोतीची_आई:
दादा आधी ब्रुनोला लवकर बरं वाटो. गाडीच्या पॉलिसीतून त्याचं काही मिळणार नाही, ओन डॅमेज म्हणजे गाडी आणि तिला बसवलेल्या वस्तू. आणि ते १५ लाख ओनर-ड्रायव्हरचे, म्हणजे गाडीचा मालक स्वतः चालवत असेल तर त्याचा मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व, तुमचा स्वतःचा हात मोडला असता तरी हॉस्पिटलचं बिल त्यातून निघालं नसतं, लोकांना हे माहीतच नसतं आणि एजंट सांगत नाही.
पेट पॉलिसीचं म्हणाल तर लसीची अट कुठल्या पानावर आहे ते बघा. बऱ्याच पॉलिसींमध्ये ती एक्सक्लुजनमध्ये (काय कव्हर नाही त्या यादीत) असते आणि त्या त्या आजारापुरती असते, म्हणजे लस दिल्याचा पुरावा नसेल तर लेप्टो, डिस्टेंपर, रेबीज यांचा क्लेम नाही. हाड मोडण्याचा लेप्टोशी काय संबंध? पण काही ठिकाणी "लसीकरण वेळेवर पाहिजे" अशी सरसकट अट जनरल कंडिशनमध्ये टाकलेली असते, तशी असेल तर भांडावं लागेल. कार्ड आहे तसं द्या, मागची तारीख टाकून बूस्टरची नोंद अजिबात करून घेऊ नका, त्याने खरा क्लेमपण खोटा ठरेल. सोबत एक्स-रे ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा, डिस्चार्ज समरी, औषधांची मूळ बिलं आणि मायक्रोचिप असेल तर व्हेटने तो नंबर समरीवर लिहिलेला हवा, नाहीतर हा कुत्रा तोच कशावरून म्हणून परत क्वेरी येते. आमच्याकडे अशा क्वेरीतच महिना गेला होता.

क्लेमवाले_काका:
ताईंनी बरोबर सांगितलं. नाकारलाच तर फोनवरचं उत्तर धरू नका, कुठल्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा. मग कंपनीच्या ग्रीव्हन्स सेलला तक्रार, आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) बीमा भरोसा पोर्टलवरही टाकता येते. महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात. फक्त कंपनीच्या नकारानंतर १ वर्षाच्या आत जायचं.

शिरवळ_रिटर्न:
आत्ता पॉलिसी उघडून बघितली. लसीचं वाक्य एक्सक्लुजनमध्येच आहे आणि आजारांची नावं दिलीयत. पण खाली २० टक्के को-पे लिहिलंय, ते काय?

मोतीची_आई:
मंजूर होईल त्यातले २० टक्के तुम्ही भरायचे. ते मात्र सुटत नाहीत.