हाफ मून बे ते पॅसिफिका: पोर्तोला मोहिमेची वाट आणि आजचा रस्ता

किनारवाट
बे एरियातल्या मंडळींना विचारायचं आहे. 1769 च्या स्पॅनिश पोर्तोला मोहिमेची वाट हाफ मून बेपासून पॅसिफिकापर्यंत एका दिवसात गाडीने पाहायची आहे. मोहीम किनाऱ्याने चालली होती, मग सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर तिला डोंगरावरून कसा दिसला? आणि डेव्हिल्स स्लाइड या कड्यापाशी नकाशात जुना रस्ता नि बोगदा दोन्ही दिसतात, गाडी कुठून जाते? सोबत सत्तरीचे आईवडील आहेत.

खडकवाचक
उपसागर शोधायला कोणी निघालंच नव्हतं, माँटेरे गाठायचं होतं. स्पॅनिश दर्यावर्दी विस्काइनोने 1602 मध्ये माँटेरेला वाऱ्यापासून सुरक्षित, उत्तम बंदर म्हटलं होतं. प्रत्यक्षात ती रुंद, उघडी खाडी. तिथे पोचूनही मोहिमेला ती ओळखता आली नाही आणि सगळे उत्तरेकडे चालत राहिले.

ऑक्टोबर संपता संपता माँटारा डोंगर आडवा आला. तिथे कडा थेट समुद्रात उतरतो, काठाने वाटच नाही. म्हणून 31 ऑक्टोबरला डोंगर चढावा लागला. वरून फॅरलॉन बेटं आणि पॉइंट रेयेस दिसलं, तेव्हा माँटेरे मागे पडल्याचा अंदाज आला. मुक्काम सॅन पेद्रो ओढ्याच्या खोऱ्यात, आजच्या लिंडा मार भागात पडला. सार्जंट ओर्तेगा पुढे टेहळणीला गेला, शिकारीला गेलेल्या शिपायांनी आतलं पाणी पाहिल्याची बातमी आणली आणि 4 नोव्हेंबरला सगळे स्वीनी रिज ही डोंगरधार चढले. तिथून उपसागर दिसला.

जहाजांना तो आधी सापडला नव्हता, कारण समुद्रावरून गोल्डन गेट हे उपसागराचं तोंड अरुंद दिसतं, मागे बेटं आणि टेकड्या, वर धुकं. पहिलं स्पॅनिश जहाज, सॅन कार्लोस, आत शिरलं ते ऑगस्ट 1775 मध्ये.

घाटवळण
त्याच माँटारा डोंगराने पुढेही सगळ्यांना अडवलं. ओशन शोअर रेल्वे सॅन फ्रान्सिस्को ते सांताक्रूझ जाणार होती. 1906 च्या भूकंपात इथलं बरंच काम समुद्रात गेलं, मधला टप्पा कधी जोडलाच गेला नाही आणि 1920 मध्ये रेल्वे बंद पडली. मोटारी आधी डोंगरावरून वळणावळणाच्या रस्त्याने जात, 1937 पासून कड्यावरच्या हायवे 1 ने.

तो कडा ढासळतो कारण माँटाराच्या ग्रॅनाइटला लागून तिथे शेल आणि वालुकाश्माचे कललेले थर आहेत. पावसाचं पाणी मुरलं की थर सरकतात, शिवाय लाटा खालून पायथा पोखरतात. 1995 आणि 2006 मध्ये रस्ता महिनोन्‌महिने बंद राहिला. मग नुसती डागडुजी करून भागत नाही. मार्च 2013 मध्ये टॉम लँटोस बोगदे सुरू झाले, गाड्या आता तिथूनच जातात. कड्यावरचा जुना रस्ता 2014 पासून पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी खुला आहे.

दर्यादिशा
आईवडिलांसाठी तोच जुना रस्ता निवडा: 1.3 मैल, डांबरी, चढ सौम्य. अर्ध्यातून परतलं तरी कडा नीट पाहून होतो. पार्किंग दोन्ही टोकांना आहे, पण लहान. सुटीच्या दिवशी सकाळीच पोचा.

स्वीनी रिजला सॅन ब्रूनोच्या स्नीथ लेनवरून डांबरी वाट आहे, एका बाजूने दोन मैलांच्या आत, पण चढ सतत आणि सावली नाही. गुडघे दुखत असतील तर त्यांना नेऊ नका. उन्हाळ्यात माथा धुक्यात बुडतो, सप्टेंबर-ऑक्टोबर चांगले. मात्र ऑक्टोबरच्या मध्यावर हाफ मून बेचा भोपळा महोत्सव असतो, त्या शनिवार-रविवारी हायवे 92 तुंबतो.

एक आवर्जून सांगते. ही वाट रिकाम्या मुलखातली नव्हती. इथल्या मूळच्या ओलोनी लोकांनी मोहिमेला अन्न दिलं, पुढची वाट दाखवली. लिंडा मारला प्रुरिस्ताक हे त्यांचं गाव होतं. 1786 मध्ये मिशन डोलोरेस या स्पॅनिश धर्मठाण्याने त्याच जागी शेतीचं ठाणं उभारलं, तिथेच 1840 च्या दशकात सांचेझ अडोबे हा मातीच्या विटांचा वाडा बांधला गेला. तो आज पाहता येतो. निघण्याआधी त्याच्या वेळा तपासा, रोज उघडा नसतो.