लाल बम्बलबी: अस्सल की डुप्लिकेट?

कोपरगावकर:
नमस्कार मंडळी. आईच्या माळ्यावरचं सामान उतरवताना माझा लहानपणीचा रोबो सापडला. मामा मस्कतला नोकरीला होते, १९८७-८८च्या सुमारास त्यांनी आणला होता. लाल, ठेंगणी फोक्सवॅगन बीटल. बाजूंनी हात ओढायचे, मागून पाय ओढायचे, झाला रोबो. स्टिकर अर्धवट उडालाय, खोका कधीच गेला. एका विक्रेत्याला फोटो पाठवला, हा ट्रान्सफॉर्मर्समधला बम्बलबी ना असं विचारलं, तर म्हणाला, "बम्बलबी पिवळा असतो, लाल म्हणजे तैवानचा डुप्लिकेट." आणि लगेच विकत मागितला! विकायचा नाहीच. पण आहे काय ते समजावं.

जुनी_खेळणी_ठाणे:
दादा, आधी हे मनातून काढा की लाल म्हणजे नकली. १९८४ साली अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ट्रान्सफॉर्मर्स, म्हणजे गाडीचे रोबो होणारी खेळणी, आणली तेव्हा बम्बलबी पिवळाही विकला आणि लालही. क्लिफजंपर या त्याच मालिकेतल्या दुसऱ्या छोट्या गाडीचंही तसंच, तो लाल आणि पिवळा. कार्टूनमध्ये बम्बलबी पिवळा दिसला म्हणून तोच रंग लोकांच्या डोक्यात बसला. ही खेळणी मुळात हॅस्ब्रोची नव्हतीच. जपानच्या टाकारा कंपनीच्या 'मायक्रोचेंज' मालिकेत, म्हणजे ट्रान्सफॉर्मर्स हे नाव जन्मायच्या आधी, याच गाड्या वेगवेगळ्या रंगांत मिळत होत्या.

रंग सोडा, प्लास्टिक बघा. नकली माल बनवणारे बहुधा अस्सल खेळण्यावरूनच साचा काढत. प्लास्टिक थंड होताना आकसतं, म्हणून नक्कल मूळ खेळण्यापेक्षा किंचित लहान भरते आणि दारांच्या रेषा, बंपरच्या कडा बोथट येतात. मग प्लास्टिकवर टाकाराच्या नावाचा ठसा शोधा. तो घासून काढलेला असेल तर तिथे खरखरीत डाग राहतो. सकाळच्या तिरप्या उन्हात धरलंत तर चटकन दिसेल. अस्सलपणाची खूण म्हणून लावलेला, उष्णतेने रंग बदलणारा 'रबसाइन' स्टिकर १९८५पासून आला, त्यामुळे तो नाही एवढ्यावरून खेळणं नकली ठरत नाही. आधीच्या मालावर तो नव्हताच, आणि नंतरच्यावरचाही निघून जातो.

अजून एक. मेक्सिकोत आयजीए, पेरूत लिन्सा, अर्जेंटिनात अँटेक्स आणि ब्राझीलमध्ये एस्ट्रेला या कंपन्यांनी रीतसर परवान्याने हीच खेळणी काढली, आणि त्यांतल्या काहींचे रंग बघून कुणीही त्यांना डुप्लिकेट म्हणेल! मामांनी मस्कतहून आणलेला तिकडचा असण्याची शक्यता कमी, पण विचित्र रंग दिसला की नाक मुरडणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो.

सुमेधा_नाशिक:
दादा, 'बम्बलजंपर' म्हणतात तो हाच का? त्याचे फार पैसे येतात असं ऐकलंय.

जुनी_खेळणी_ठाणे:
नाही ताई, तो बीटल नाही. मायक्रोचेंजमध्ये तशीच ठेंगणी माझदा फॅमिलिया होती. हॅस्ब्रोने तिला वेगळं नाव दिलं नाही, यादीतही घेतलं नाही, तरी थोडे नग क्लिफजंपरच्या कार्डावर (खेळणं लावून विकतात तो छापील पुठ्ठा) लागून दुकानात गेले. संग्राहकांनी दोन नावं जोडून बम्बलजंपर केलं, पुढे 'बंपर' हे नाव रूढ झालं. नेमक्या त्याच माझदाच्या नकला बाजारात भरपूर आहेत. म्हणून माझं स्पष्ट मत: कार्डाशिवाय कुणी बंपर म्हणून सुटी माझदा मोठ्या किमतीला देत असेल तर हात लावू नका. सुटं खेळणं कुठल्या कार्डावरून निघालं हे सिद्ध करणं जवळपास अशक्य आहे.

सुमेधा_नाशिक:
समजलं. कोपरगावकर, एक तपासा: कुठे साखळी अडकवायची कडी किंवा भोक आहे का? २००० नंतर टाकाराने या छोट्या गाड्या कीचेन म्हणून परत काढल्या होत्या.

कोपरगावकर:
भोक नाही. ठसा आहे, पण पुसट, अक्षरं लागत नाहीत. थिनरने साफ करून बघू का?

जुनी_खेळणी_ठाणे:
अजिबात नको! थिनरने रंग जाईल, प्लास्टिक पांढरं पडेल. कोमट पाणी, एक थेंब साबण, मऊ ब्रश, बस्स. स्टिकरला पाणी लागू देऊ नका, आणि उडालेल्याच्या जागी नवीन छापील स्टिकर मुळीच लावू नका. आहे तो अर्धा जुना स्टिकर राहू द्या, ओळख पटवायला उद्या तोच कामाला येईल.

आणि नक्कल निघाली तर टाकू नका. माझ्या कपाटात एक पूर्ण फळी नकलांची आहे. हाँगकाँग-तैवानचे ते रोबो, कार्डावरची चुकीची स्पेलिंग, अस्सलमध्ये कधीच न आलेला पोपटी रंग... कुणी त्यांची नोंद ठेवली नाही, कॅटलॉग छापला नाही. अस्सल बम्बलबीबद्दल पुस्तकंच्या पुस्तकं सापडतात, पण आखातातून सुटकेसमध्ये बसून आपल्या घरी कोणकोणत्या नकला आल्या, हे आपणच लिहिलं नाही तर कोण लिहिणार? म्हणून मामांना विचारा: कुठल्या दुकानातून घेतला, कार्डावर होता की खोक्यात, शेजारी आणखी कुठले रोबो होते. जे आठवेल ते.

ठशाचा आणि तळाचा जवळून फोटो टाका, शेजारी मोजपट्टी ठेवून. माझ्याकडे अस्सल पिवळा आहे, त्याचं माप आज रात्री घेऊन इथेच देतो.