जहाजावरचे फोटो : काढलेले, आलेले, जपलेले. अनुभव लिहा

परवा साइन ऑफ होऊन, म्हणजे जहाजावरची पाळी संपवून, नाशिकला आलो. मी कंटेनर जहाजावर बत्तीसाब, म्हणजे इलेक्ट्रिकल ऑफिसर. घरच्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गंगापूर धरण. त्यांना दाखवायला म्हणून फोटो काढू लागलो आणि नाद लागला.

आधी नुसते सूर्यास्त. शंभरेक झाल्यावर माझाच मला वीट आला. मग माणसं काढायला लागलो. चिपिंग करून, म्हणजे डेकवरचा गंज ठोकून काढून, लाल झालेले बोसनचे (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाचे) हात. पहाटे पाचला कणीक मळणारा चीफ कुक; जहाज रोल करतंय म्हणून एक गुडघा ओट्याला टेकवलेला.

नवख्यांसाठी : एसी केबिनमधला कॅमेरा थेट आखातातल्या दमट डेकवर नेऊ नका, लेन्सवर वाफ धरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून अर्धा तास बाहेर ठेवा, मग उघडा. आणि ताऱ्यांचा हट्ट सोडा. जहाज डुलतं, सगळ्या रेघोट्या येतात.

तुमचंही लिहा. घरच्यांनीसुद्धा.

टँकरवाला, सातपूर
आमच्याकडे डेकवर साधा मोबाइल न्यायचीच बंदी, ठिणगीची भीती. त्यामुळे नऊ महिन्यांचे सगळे फोटो मेसमधले. बायको म्हणते, तुम्ही तिथे फक्त जेवता.

खलाशाची आई, पंचवटी
मुलगा 2020 मध्ये कोरोनामुळे जहाजावर अडकला. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, उतरला अकराव्या महिन्यात. बंदरात जहाज लागायचं, पण माणसांना उतरू देत नव्हते. जगभरात चार लाखांच्या आसपास खलाशी असे अडकलेत, हे तेव्हा बातम्यांत यायचं. फोटो पाठवायचा ते सगळे हसरे. मी बोटांनी मोठा करून मागचं बघत बसायची. मेसच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, एकेक दिवस पेनाने खोडलेला. दिवाळीच्या फोटोत कॅलेंडर नव्हतं. नुसता खिळा. मी त्याला विचारलं नाही.

द्राक्षबागायतदार, पिंपळगाव बसवंत
2024 च्या हंगामात तांबड्या समुद्रात हल्ले सुरू होते, म्हणून जहाजं सुएझ टाळून आफ्रिकेला वळसा घालून निघाली. रॉटरडॅमला जाणारा आमचा द्राक्षांचा माल आठवडा-दोन आठवडे जास्त पाण्यावर. भाचा त्याच वाटेवर दुसऱ्या जहाजावर होता. त्याने फोटो टाकला, लाटेचं पाणी पार वरच्या डब्यांवर उडालेलं. घरात सगळे म्हणाले, काय भारी आलाय! मी त्याला फोन करून विचारलं, रिफर, म्हणजे थंड ठेवणारे कंटेनर, चालू आहेत ना रे?

इंजिनवाला, इंदिरानगर
विचारल्याशिवाय टाकू नका. गळक्या पाइपखाली बादली धरलेल्या ऑइलरचा फोटो मी टाकला होता. उजेड असा सुरेख पडला होता! दुसऱ्या दिवशी ऑफिसची मेल, कॅप्टनसमोर उभा. पाइप मात्र पुढच्या बंदरापर्यंत तसाच.

धागाकर्ता
बागायतदार काका, चालू असतात. दिवसातून दोनदा आकडे बघतो, द्राक्षांना शून्य अंश. रात्री अलार्म वाजला तर बॉयलर सूट चढवून पळायचं.

पंचवटीच्या काकू, तुमचं वाचून माझे 2020 चे फोटो उघडले. आमच्याही मेसमधून ऑक्टोबरनंतर कॅलेंडर गायब आहे. चीफ कुकने काढलं होतं. पुढे गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, सापडलं, पाठकोऱ्या बाजूवर त्याची कांदे-बटाट्यांची यादी.