रोममधले खास रोमचे जेवण

रोममध्ये पिझ्झा-पास्त्याखेरीज खास तिथले काय खावे, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याविषयी थोडे सांगतो. कोलोसियमभोवतालच्या उपाहारगृहांत न अडकता तेस्ताच्चो भाग अवश्य गाठावा. तेथील मोठा कत्तलखाना १९७५ पर्यंत चालू होता, आणि उत्तम मांस श्रीमंतांच्या घरी गेल्यावर उरलेली शेपटी, आतडी, काळीज कामगारांच्या वाट्याला येत असल्याने त्यांतून जी पाककला घडली, तीच आज रोमचा खरा अभिमान आहे. टोमॅटो व सेलरीत तासन्‌तास शिजवलेली बैलाची शेपटी हा तिचा सर्वोत्तम नमुना म्हणावा लागेल.

शाकाहारी मंडळींनी जुन्या ज्यू वस्तीतले आर्टिचोक (जाड पाकळ्यांच्या कळीसारखी भाजी) चुकवू नये. ते अख्खे दोनदा तळतात. दुसऱ्या तळणीत पाकळ्या शेवंतीसारख्या उमलतात, कडा कुरकुरीत होतात आणि गाभा मात्र मऊसूत राहतो. त्याचा हंगाम हिवाळ्यापासून वसंतापर्यंत असतो, तेव्हा प्रवासाची वेळ त्याप्रमाणे ठरवता आली तर फारच उत्तम.

‘काचो ए पेपे’ हा चीज-मिऱ्यांचा पास्ता मात्र निव्वळ शाकाहारी समजून मागवू नये, कारण त्यातले पेकोरिनो रोमानो चीज कोकराच्या जठरातील रेनेट (दूध गोठवणारे द्रव्य) वापरून बनवतात आणि मेन्यूवर सहसा तसा उल्लेख नसतो.