कान तपासायला कोण कोण येतंय?

ए-२०३: थोडं लांब लिहितेय, पण पूर्ण वाचा. वर्षभर आम्हाला वाटत होतं सासूबाईंना विसर पडायला लागला. एकच गोष्ट तीनदा विचारायच्या, भिशीलाही जाईनात. डॉक्टरांनी आधी थायरॉइड, बी-१२ बघितलं आणि कान तपासून यायला सांगितलं. बी-१२ कमी निघालं, आणि दोन्ही कानांनी खूपच कमी ऐकू येतंय! आम्ही उगाच त्यांच्यावर चिडत होतो. फार वाईट वाटलं.

सी-१०१: वहिनी, कानाचा आणि स्मरणशक्तीचा काय संबंध?

ए-२०३: नीट ऐकू येत नसलं की शब्द कळण्यातच मेंदू दमतो, मग लक्षात काय राहणार? शिवाय माणूस चारचौघांत बसायचं टाळतो. लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेंशियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका वाढवणारी १४ कारणं आहेत, आपण काहीतरी करू शकू अशी. बहिरेपण आणि वाईट कोलेस्टेरॉल त्यात सगळ्यात वर. बीपी, शुगर, कमी दिसणं, एकटेपणा हेही आहे. ही सगळी सांभाळली तर ४५ टक्क्यांपर्यंत केसेस टळतील किंवा लांबतील, असा अंदाज आहे.

डी-४०२: मी ५२ ची. फ्रिज उघडते आणि कशाला उघडला तेच आठवत नाही 😟

बी-५०४: ताई, पाळी जायच्या वयात असं बऱ्याच जणींना होतं, तो डिमेंशिया नव्हे. पण बीपी, कोलेस्टेरॉल आत्ताच बघून घ्या. मधल्या वयातलं बीपीच पुढे मेंदूला नडतं. भारतात साठीपुढच्या शंभरात साधारण सात जणांना डिमेंशिया आहे, त्यात बायका जास्त. आणि आपण काय करतो? ह्यांच्या गोळ्यांचा डबा भरतो, स्वतःचं बीपी शेवटचं कधी मोजलं ते सांगता येत नाही.

बी-३०१: हिचं कानाचं मशीन सहा महिने कपाटात पडून आहे. म्हणते डोकं दुखतं.

ए-२०३: काका, आईंनाही पहिले आठ दिवस कुकरची शिट्टी, भांड्यांचा आवाज सहन होईना. दोनदा जाऊन सेटिंग बदलून आणलं. रोज थोडा थोडा वेळ लावलं, आता सकाळी चहाच्या आधी लावतात. काकूंना परत घेऊन जा, कपाटात ठेवू नका.

सी-१०१: एखाद्या ऑडिओलॉजिस्टना रविवारी क्लब हाऊसमध्ये बोलवूया का? बीपी, शुगरही तिथेच. नावं टाका.

डी-४०२: मी. आणि आई.

बी-३०१: आमची दोन लिहा. मलाही टीव्ही मोठा लागतो हल्ली.