बेटांवरचे व्यापारी साम्राज्य: पोर्तुगालच्या डावात सोने भरपूर, पण विज्ञान मागे का पडते?

दर्यावर्दी_पुणेकर:

नमस्कार मंडळी. ‘सिव्हिलायझेशन ६’ या संगणकावरच्या डावपेचांच्या खेळात ‘गॅदरिंग स्टॉर्म’ विस्तारासह पोर्तुगालचा, म्हणजे तिसऱ्या जोआवचा डाव सध्या मांडला आहे. नकाशा आर्किपेलागो, म्हणजे बेटांचा, आणि काठिण्यपातळी एम्परर आहे. डाव रेनेसाँस युगात पोहोचला असून चार बेटांवर मिळून सात शहरे वसली आहेत. बहुतेक शहरांत हार्बर (बंदर) आणि कमर्शियल हब (बाजारपेठ) हे दोन्ही डिस्ट्रिक्ट, म्हणजे शहराचे खास विभाग, उभे आहेत, व्यापारी मार्गांची संख्या इतर सर्वांपेक्षा जास्त आहे आणि दर टर्नला येणारे सोने खर्चायचे कुठे, असा प्रश्न पडावा इतके आहे.

तरीही विज्ञानात मी चौथ्या क्रमांकावर आहे. राजधानी वगळता एकाही शहराला वेळेत काही बांधून होत नाही. साधे कॅम्पस, म्हणजे विज्ञानाचे डिस्ट्रिक्ट, उभारायचे म्हटले तरी वीस-पंचवीस टर्न दाखवतात. त्यातच उत्तरेकडच्या नॉर्वेच्या हॅराल्डने युद्ध पुकारले. त्याची जहाजे किनाऱ्यावर येऊन माझ्या मासेमारीच्या नौका आणि शेते लुटून जातात, आणि दोन व्यापारी मार्गही त्याने बुडवले.

माझे प्रश्न असे. बेटांवरच्या लहान शहरांत डिस्ट्रिक्टचा क्रम काय ठेवावा? नाऊ या पोर्तुगालच्या खास जहाजांनी बांधायच्या वखारी, म्हणजे फेतोरिया, नेमक्या कोठे बांधाव्यात? आणि व्यापारावर भर देणाऱ्या साम्राज्याने आरमारावर किती खर्च करणे योग्य ठरते? केवळ सोन्याच्या जोरावर जिंकण्याची सोय या खेळात नाही हे मला ठाऊक आहे, त्यामुळे विज्ञानाच्या मार्गाने जिंकण्याचा विचार आहे.

गलबतवाला:

आपण वर्णन केलेल्या स्थितीत सोन्याची अडचण नाही, अडचण प्रॉडक्शनची, म्हणजे बांधकामाच्या क्षमतेची आहे; खेळात ती हातोड्यांनी दाखवतात. बेटावरच्या शहराच्या हद्दीत निम्म्याहून अधिक टाइल, म्हणजे नकाशाचे षटकोनी तुकडे, पाण्याच्या असतात. त्या अन्न देतात, सोने देतात, पण हातोडे जवळजवळ देत नाहीत. डोंगर आणि जंगल मुबलक असलेल्या मोठ्या भूखंडावरचा खेळाडू जे बांधून मिळवतो, ते आपल्याला विकत घ्यावे लागते, आणि विकत घेण्याचा दर साधारणपणे एका हातोड्याला सोन्याची चार नाणी असा आहे. म्हणून व्यापाराचा प्रत्येक निर्णय ‘यातून सोने किती येईल’ असा न तपासता ‘यातून माझ्या शहरांना हातोडे आणि विज्ञान किती मिळेल’ असा तपासावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता डिस्ट्रिक्टच्या क्रमाविषयी. एकाच शहरात हार्बर आणि कमर्शियल हब दोन्ही बांधल्याने व्यापारी मार्ग दोन मिळत नाहीत. लाइटहाउस किंवा मार्केट यांपैकी जे आधी उभे राहील त्याचाच एक मार्ग मिळतो. दुसऱ्यामुळे मार्गांच्या संख्येत भर पडत नाही. पहिला मार्ग हार्बरमधूनच घ्यावा, कारण लाइटहाउस अन्न आणि घरेही वाढवते, आणि गोड्या पाण्याविना केवळ समुद्राकाठी वसलेल्या शहराला सुरुवातीला घरांचीच चणचण असते. खास डिस्ट्रिक्ट बांधण्याची मुभा लोकसंख्या १, ४, ७ अशा टप्प्यांनी मिळते. लोकसंख्या ४ झाल्यावर मिळालेली दुसरी जागा आपण कमर्शियल हबला दिली, तेव्हाच कॅम्पस सातव्या नागरिकापर्यंत लांबले. लहान शहरांत हार्बरनंतर थेट कॅम्पस हाच क्रम मला योग्य वाटतो. कमर्शियल हब राजधानीत आणि एखाद्या मोठ्या शहरात पुरेसे आहे.

एक बारकावा अनेकांच्या लक्षात राहत नाही. तंत्रज्ञान आणि नागरी शोध जसजसे पुढे सरकतात तसतशी डिस्ट्रिक्टची किंमत चढत जाते. मात्र नकाशावर जागा निश्चित करून काम सुरू केले की त्या घटकेची किंमत कायम राहते. त्यामुळे मुभा मिळाल्या क्षणी कॅम्पसची जागा निश्चित करून टाका आणि मग हवे तर दुसरे काही बांधत राहा. डिस्ट्रिक्ट सर्वसाधारणपणे सोन्याने विकत मिळत नाही, पण त्यातल्या इमारती मिळतात. लायब्ररी आणि नंतर पोर्तुगालची स्वतःची नेव्हिगेशन स्कूल, जी युनिव्हर्सिटीच्या जागी येते, या दोन्ही सरळ विकत घ्या. नेव्हिगेशन स्कूल त्या शहराच्या हद्दीतल्या किनाऱ्याच्या वा तळ्याच्या दर दोन टाइलमागे एक विज्ञान जादा देते. म्हणजे ज्या पाण्यामुळे आपले प्रॉडक्शन बुडते, तेच पाणी इथे विज्ञान भरून देते. रेना ही गव्हर्नर, म्हणजे शहरावर नेमायची अधिकारी, आपल्याकडे असेल तर तिची काँट्रॅक्टर ही बढती घेतल्यावर ती ज्या शहरात बसेल तेथे डिस्ट्रिक्टसुद्धा सोन्याने घेता येतात. नव्या बेटावर तिला पाठवणे, कॅम्पस विकत घेणे आणि मग पुढच्या बेटाकडे हलवणे, ही चाल खर्चिक असली तरी आपल्यासारख्या डावात खर्च हीच मुळी अडचण नाही.

पर्वतीपायथा:

वरील प्रतिसादातील बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे. मी फक्त आरमाराविषयी लिहितो, कारण हॅराल्डचे युद्ध आपल्यावर विनाकारण आलेले नाही. खेळात त्याचा स्वभावच असा घडवला आहे की तो बलाढ्य आरमार असलेल्यांचा मान राखतो आणि दुबळे आरमार असलेल्यांना तुच्छ लेखतो. त्याच्या शेजारी व्यापारी जहाजेच काय ती चालवणारे साम्राज्य असेल, तर त्याचे संबंध दिवसेंदिवस बिघडत जाणार हे ठरलेले आहे. शिवाय इतरांना किनारा लुटण्यासाठी प्रायव्हेटियरसारखी खास जहाजे लागतात, तर हॅराल्डची समोरासमोर लढणारी साधी जहाजेही ते काम करतात. म्हणून नॉर्वेचा शेजार असताना बांधलेली चार फ्रिगेट, म्हणजे युद्धनौका, संरक्षण तर करतातच, पण राजनैतिक संबंधही सुधारतात; दुसऱ्या बहुतेक शेजाऱ्यांच्या बाबतीत आरमाराचा असा दुहेरी उपयोग होत नाही.

फ्रिगेटना नायटर, म्हणजे सोरा, लागते, याची तजवीज आधी करा. आपल्या बेटांवर नायटर नसेल, तर ते ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून सोने देऊन घ्या. आपल्याकडे जे मुबलक आहे त्याचा याहून चांगला उपयोग नाही. फ्रिगेट दुरून मारा करते, शहर मात्र ताब्यात घेऊ शकत नाही. त्यासाठी समोरासमोर लढणारे जहाज सोबत हवे. आपली नाऊ हे काम करू शकते. पण वखारी बांधून झालेल्या नाऊच या कामी वापराव्यात. वखार बांधण्याची शक्ती शिल्लक असलेली नाऊ लढाईत गमावणे हा मोठा तोटा आहे.

सर्व शहरांभोवती जहाजे विखरून ठेवू नका. बेटांच्या नकाशावर शत्रूला यायला दोन-तीनच सामुद्रधुन्या असतात; तेथे जहाजे एकत्र ठेवली तर मागची शहरे आपोआप सुरक्षित राहतात. रविवारी सदाशिव पेठेत एका मित्राच्या घरी आम्ही काही जण एकाच संगणकावर आलटून पालटून खेळतो. तेथे व्यापारी मार्ग लुटले गेल्याची बहुतेक सगळी भांडणे एखादी मोक्याची सामुद्रधुनी उघडी ठेवल्यामुळेच झालेली आहेत, आणि पोहे येईपर्यंत ती मिटत नाहीत.

पेठकरीण:

फेतोरियाविषयी कोणीच लिहिले नाही, आणि पोर्तुगालच्या डावाचा खरा गाभा तोच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

नाऊ जहाज दोन फेतोरिया बांधू शकते. त्या आपल्या स्वतःच्या हद्दीत बांधता येत नाहीत. परक्याच्या किंवा नगरराज्याच्या हद्दीत, जमिनीला लागून असलेल्या पाण्याच्या टाइलवर, शेजारी बोनस किंवा लक्झरी साधन असेल तेथेच बांधता येतात, आणि दोन फेतोरिया एकमेकींना लागून चालत नाहीत. परक्या राज्यात शिरायला खुल्या सीमेचा करार लागतो, पण सर्व नगरराज्यांच्या सीमा पोर्तुगालला मुळातच खुल्या असतात. ज्या शहरात फेतोरिया आहे तेथे पाठवलेल्या आपल्या प्रत्येक व्यापारी मार्गाला, त्या शहरातल्या दर फेतोरियामागे ४ सोने आणि १ प्रॉडक्शन जादा मिळते.

आता यातली मेख पाहा. एका शहरातून एकाच ठिकाणी दोन मार्ग नेता येत नाहीत, परंतु आपल्या सातही शहरांतून एकेक मार्ग एकाच नगरराज्याकडे नेता येतो. समजा, त्या नगरराज्यात तीन फेतोरिया बसल्या. मग आपल्या सातही शहरांना प्रत्येकी १२ सोने आणि ३ प्रॉडक्शन मिळेल. राजधानीला तीन हातोड्यांचे काही वाटणार नाही, पण पाच हातोड्यांवर रखडणाऱ्या बेटावरच्या शहराचे कॅम्पस त्यामुळे कितीतरी लवकर उभे राहील. फेतोरिया चार ठिकाणी विखरून बांधणारे खेळाडू मला नेहमी दिसतात, आणि त्याचा लाभ त्यांना अर्धाही होत नाही. फेतोरियाचा फायदा यजमान शहरालाही होतो, म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या शहरापेक्षा नगरराज्यच निवडावे.

यात धोका एकच, तो म्हणजे त्या नगरराज्याचे अधिपत्य. ते हॅराल्डकडे गेले आणि तुमचे त्याच्याशी युद्ध असेल, तर नगरराज्यही तुमच्याविरुद्ध युद्धात उतरते आणि सातही मार्ग एकदम बंद पडतात. हे अधिपत्य दूतांच्या संख्येवर ठरते, म्हणून दूत पाठवताना काटकसर करू नका.

इतिहासाच्या वाचकांना यात एक गंमत वाटेल. सोळाव्या शतकात खरे पोर्तुगीज हिंदी महासागरात व्यापार करत होते ते केवळ स्वस्त-महाग पाहून नव्हे; गोवा १५१० मध्ये, मलाक्का १५११ मध्ये आणि होर्मुझ १५१५ मध्ये हाती घेऊन त्यांनी येण्या-जाण्याच्या वाटाच ताब्यात ठेवल्या आणि इतरांच्या जहाजांना परवान्याची, म्हणजे कार्ताझची, सक्ती केली. म्हणजे पर्वतीपायथा यांनी सामुद्रधुन्यांविषयी जे लिहिले तेच. किनाऱ्यावरची ठाणी कशी जातात याचे उदाहरण आपल्याला पुण्यात बसून शोधायला नको: चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, आणि तिथून आलेली पोर्तुगीज घंटा भीमाशंकरच्या देवळासमोर आजही टांगलेली आहे. खेळातही आपल्या बेटांवर तट नसतील तर तीच गत होते, तेव्हा रेनेसाँस वॉल्स टाळू नका.

दर्यावर्दी_पुणेकर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फेतोरियाचा मुद्दा वाचून नकाशा पुन्हा पाहिला; दक्षिणेला ऑकलंड हे नगरराज्य आहे आणि त्याच्या किनाऱ्याला मासे आणि खेकडे दोन्ही आहेत. एक उपप्रश्न असा की नुकत्याच वसवलेल्या शहरांनीही लगेच परदेशी मार्ग सुरू करावेत, की काही काळ अंतर्गत मार्ग ठेवावेत?

गलबतवाला:

ऑकलंड असेल तर दुसरीकडे पाहूच नका. त्याचे अधिपत्य मिळाले की उथळ पाण्याच्या टाइलवर प्रॉडक्शनही मिळू लागते, आणि बेटांच्या साम्राज्याला याहून उपयुक्त नगरराज्य नाही.

नव्या शहरासाठी सुरुवातीला अंतर्गत मार्गच ठेवावा, मात्र त्याची दिशा नीट पाहावी. अंतर्गत मार्गातून मिळणारे अन्न आणि प्रॉडक्शन मार्ग जेथून निघतो त्या शहराला मिळते आणि ते किती, हे पोहोचण्याच्या शहरातल्या डिस्ट्रिक्टवर ठरते. म्हणून ट्रेडर, म्हणजे मार्ग चालवणारे व्यापारी पथक, नव्या बेटावर हलवून तेथून राजधानीकडे मार्ग सुरू करावा. राजधानीतून नव्या बेटाकडे पाठवला तर लाभ राजधानीलाच होतो आणि तोही नगण्य. शहर चार नागरिकांवर पोहोचून हार्बर उभे राहिले की तो मार्ग संपताच त्याला ऑकलंडकडे वळवा. तोपर्यंत त्या शहरात गव्हर्नर ठेवल्यास शहराची आपल्यावरची निष्ठाही टिकते. नॉर्वेच्या शहरांजवळ बेट वसवणार असाल तर हे विसरू नका.

पेठकरीण:

आणखी एक, कारण आपला विस्तार ‘गॅदरिंग स्टॉर्म’ आहे. कोळसा आणि तेल जाळायला लागल्यावर समुद्र चढतो आणि किनाऱ्यालगतच्या सखल टाइल १, २ आणि ३ मीटर अशा क्रमाने पाण्याखाली जातात. बेटांच्या साम्राज्याला याचा फटका सर्वांआधी बसतो. फ्लड बॅरियर, म्हणजे समुद्राचे पाणी अडवणारी भिंत, कॉम्प्युटर्स या तंत्रज्ञानानंतर मिळते आणि त्याची किंमत त्या शहरातल्या सखल टाइलच्या संख्येनुसार, तसेच समुद्राच्या पातळीनुसार वाढत जाते. त्यामुळे डिस्ट्रिक्टची जागा निवडताना सखल टाइलची खूण आताच पाहून घ्या, कॅम्पस शक्यतो चढावर बसवा, आणि कॉम्प्युटर्स हाती आल्याबरोबर साठवलेल्या सोन्यातून सर्वांत सखल शहराचे बॅरियर आधी घ्या.