मदत हवी आहे: पहिली स्पोर्ट बाईक कोणती? नवी आर१५, जिक्सर एसएफ की जुनी आरसी ३९० (नागपूर)

प्रश्न:
नमस्कार मंडळी. आजवर फक्त मोपेड चालवली आहे. गिअरच्या गाडीचं लर्निंग लायसन्स आत्ताच काढलं. उंची ५ फूट ५ इंच, वजन ५८ किलो. रोज मानेवाडा ते हिंगणा एमआयडीसी, रविवारी कधी रामटेक. बजेटमध्ये नवी यामाहा आर१५ किंवा सुझुकी जिक्सर एसएफ बसते. तेवढ्यातच जुनी केटीएम आरसी ३९० पण मिळून राहिली. सगळे म्हणतात, घ्यायचीच तर मोठी घे. काय करू? मे महिन्यात इंजिनचा त्रास होईल का? आणि समृद्धी महामार्गावर नेता येते का?

उत्तर १:
समृद्धीचं आधी सांगतो: तिथे दुचाकीला बंदी आहे.

३९० आत्ता घेऊ नका भाऊ. ताकद ४३ पीएसच्या (हॉर्सपॉवरसारखंच माप) आसपास, आर१५ ची १८.४. खड्ड्यातून जाताना नवशिक्याचं अ‍ॅक्सिलरेटरवरचं मनगट हलतंच, आणि तेवढ्यानं आर१५ थोडी सरकते, ३९० झेप घेते. शिवाय ती २५-३० किलोनं जड आणि सीट उंच. सिग्नलवर चुकीचा पाय टेकला की तोल सावरत नाही. उभी गाडी नुसती आडवी झाली तरी लिव्हर, इंडिकेटर आणि फेअरिंगचा (बाजूच्या प्लास्टिक आवरणाचा) एक पॅनल जातो.

आता उरल्या दोन. आर१५ ची सीट ८१५ मिमी, वजन साधारण १४१ किलो, दोन्ही चाकांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा). पण हँडल खाली आहे, त्यामुळे रिंग रोडच्या गर्दीत सगळा भार मनगटावर येतो. टाकी गुडघ्यांनी घट्ट धरली तर तो उतरतो, पण ही सवय लागायला वेळ लागतो. इंजिनचा जोर वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरत असताना आहे. मोपेडसारखा अ‍ॅक्सिलरेटर हलकाच देऊन क्लच सोडाल तर बंद पडेल. जिक्सर एसएफची सीट ७९५ मिमी, वजन १४८ किलो, हँडल उंच, खालच्या आरपीएमला ओढ चांगली. ताकद मात्र १३.६ पीएस आणि एबीएस फक्त पुढच्या चाकाला. रोजच्या हिंगण्यासाठी माझा कौल जिक्सरला. मन आर१५ वरच असेल तर तीही पहिली गाडी म्हणून चुकीची नाही.

उत्तर २:
उन्हाळ्याबद्दल. आर१५ लिक्विड-कूल्ड आहे, म्हणजे इंजिन कूलंट नावाच्या द्रवानं थंड होतं. सिग्नलवर पंखा सुरू झाला की गरम हवा पायावर येते, तो बिघाड नव्हे. कूलंटची पातळी इंजिन थंड असताना कूलंटच्या छोट्या टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये हवी. नळाचं पाणी ओतू नका, आत क्षार साचतात. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आणि ४५ अंशांत टायर फुटेल म्हणून हवा कमी करतात, ते उलट धोक्याचं: कमी हवेचा टायर जास्त दबतो, म्हणून जास्त तापतो. सकाळी, गाडी निघण्याआधी, गाडीवरच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच भरा.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद दादा. शोरूममध्ये आर१५ वर बसून पाहिलं, दोन्ही टाचा टेकत नाहीत. चालेल का?

उत्तर १:
चवडे नीट टेकले तरी पुरे. पण बूट घालून बघा आणि तेवढ्यावर ठरवू नका. इंजिन बंद ठेवून, गाडीवर बसूनच ती पायांनी दहा फूट मागे ढकला. मग हँडल पूर्ण वळवा, टाकी आणि हँडलमध्ये अंगठा दबतो का पाहा. टेस्ट राइडला वर्धा रोडवर पळवून काहीच कळत नाही. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा सोडून, मागचा ब्रेक हलका दाबत दोन यू-टर्न घ्या. वळताना पुढचा ब्रेक ओढला की हँडल आत दुमडतं आणि गाडी पडते. सुरुवातीच्या बहुतेक पडापडी अशाच होतात.

उत्तर ३:
आपल्या सिमेंट रोडवर आणखी एक. कडेच्या गट्टूंची (पेव्हिंग ब्लॉकची) पट्टी बरेचदा इंचभर खाली असते. तिच्यावरून रस्त्यावर तिरकं चढलं तर पुढचं चाक कडेला घासून सरकतं. वेग कमी करून, शक्य तितकं काटकोनात चढा.

पुढे कधी जुनी गाडी पाहायची झाली तर इंजिन थंड असताना जा. हँडल डावी-उजवीकडे टोकापर्यंत फिरवून तिथला स्टॉपर तुटका-वाकडा आहे का बघा, जोरात आपटलेली गाडी तिथे सापडते. फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) नळीवर तेलाचा ओघळ म्हणजे सील गेलं. स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाचे) दात हुकासारखे वळलेले असतील तर चेन-सेटचा खर्च धरून भाव करा. टायरवरचे चार आकडेही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा.

हेल्मेट आयएसआय मार्कचं, पूर्ण तोंड झाकणारं घ्या, आणि ते गाडीच्या बजेटमध्येच धरा. डिलिव्हरीनंतर पहिल्या रविवारी सकाळी रिकाम्या मैदानावर ब्रेकचा सराव: हँडल सरळ, वेग २०, मग ३०, मग ४०. पुढचा ब्रेक झटक्यात नाही, पिळत दाबायचा, प्रत्येक वेगाला दहा वेळा.